रूपाली झाडेच्या चार अंशांबाबत अर्ज

प्रति,
मा. अपील अधिकारी,
राष्ट्रीय दृष्टिबाधित क्रीडा गौरव परिषद,
विभागीय कार्यालय, नागपूर.

अर्जदार: कु. माधवी लहानू ताकसांडे, वय २३, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), रा. पवनार, ता. जि. वर्धा.

विषय: कु. रूपाली बबनराव झाडे, रा. पवनार, ही दृष्टिहीन नाही आणि क्रिकेटपटूही नाही, असे एकाच अहवालात ठरवणाऱ्या जिल्हा पडताळणी समितीविरुद्ध अपील.

संदर्भ: १) 'वर्षातील सर्वोत्तम दृष्टिहीन महिला क्रिकेटपटू' या राष्ट्रीय पुरस्कारासाठी परिषदेचे निवडपत्र, दि. १८ नोव्हेंबर २०२४.
२) परिषदेच्या जिल्हा पडताळणी समितीचा अहवाल, दि. १२ डिसेंबर २०२४.

महोदय,

१. परिषदेच्या कागदांत 'सोबती' या रकान्यात जिचे नाव आहे तीच ही अर्जदार. रूपालीच्या घरापासून तिसऱ्या घरात ती राहते. गेली पाच वर्षे रोज सकाळी ती रूपालीला चेंडू टाकते, सामन्यांना तिच्याबरोबर जाते आणि परत आल्यावर धावा वहीत उतरवते. रूपाली जन्मापासून पूर्ण दृष्टिहीन आहे. उजेड आणि अंधार यांतला फरकही तिला दिसत नाही. ऊन कोणत्या बाजूने येते ते तिला गालावर कळते. हे वाक्य लिहिताना अर्जदार थबकली, कारण समितीच्या हाती पडले तर त्याखालीही लाल रेघ ओढली जाईल. तरी ते खोडलेले नाही.

२. हा खेळ कसा चालतो हे आपणांस ठाऊक असणारच. समितीला ठाऊक नव्हते, म्हणून थोडक्यात लिहावे लागते. चेंडू कडक प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात छर्रे असतात. तो खांद्यावरून फेकत नाहीत, हाताखालून जमिनीलगत टाकतात, म्हणजे तो वाजत येतो. टाकणारी आधी 'रेडी?' विचारते, फलंदाज 'येस' म्हणते, मगच चेंडू सुटतो. तो थांबेपर्यंत मैदानावर कुणी बोलत नाही; टाळ्यासुद्धा नंतर. पूर्ण दृष्टिहीन खेळाडूंच्या गटाला 'ब-एक' म्हणतात आणि संघात त्यांच्या चार जागा असतात. थोडेफार दिसणाऱ्यांचे गट वेगळे. कुणी शंका काढू नये म्हणून ब-एकच्या चौघींना सामन्यात काळे, आरपार न दिसणारे चष्मे घालावे लागतात. रूपालीचा हा गट काढून घेतला तर तिची संघातली जागा गेली, कारण दुसऱ्या कुठल्याही गटात ती खेळू शकत नाही. या अर्जात पणाला लागले आहे ते एवढेच. पुरस्कार त्याच्या मागून येतो.

३. हे सगळे अर्जदाराच्या हातूनच सुरू झाले, ही गोष्ट तिने लपवण्यात अर्थ नाही. पुरस्काराच्या नामनिर्देशन अर्जात रकाना क्र. १४ असा आहे: 'खेळाडूचे विशेष कौशल्य (शक्य असल्यास आकडेवारीसह)'. इतरांनी तिथे 'उत्कृष्ट', 'अतुलनीय' असे लिहिले असेल. अर्जदाराला आकडेवारी म्हटले की राहवत नाही. तिने सरावाच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने कोनांच्या रेषा आखल्या, मोबाइल तिवईवर लावून संथ गतीचे चित्रण केले आणि साठ चेंडू टाकले. चेंडू ज्या दिशेने आला ती दिशा आणि रूपालीची बॅट जिकडे वळली ती दिशा, यांत सरासरी फरक निघाला चार अंश. मग तिने त्याच चेंडूतले छर्रे काढले, चेंडू पुन्हा चिकटवला आणि वीस वेळा टाकला. विसांपैकी एकालाही बॅट लागली नाही. हा दुसरा प्रयोग पहिल्याहून महत्त्वाचा होता. आवाज काढून घेतला की रूपालीकडे चेंडू शोधायला दुसरे काहीच उरत नाही, हे त्यातून ठरत होते. रकाना दोन ओळींचा असल्यामुळे दुसरा प्रयोग पुरवणी कागदावर लिहून जोडला.

समितीच्या फाइलमध्ये 'चार अंश' या शब्दांभोवती लाल वर्तुळ आहे आणि समासात शेरा आहे: 'दृष्टीशिवाय अशक्य'. पुरवणी कागद फाइलमध्ये नाही. तो कुठे गेला असे विचारल्यावर समितीचे लिपिक श्री. रोशन यांनी सांगितले, "पुरवणी आम्ही लावतच नाई ताई. फाइल जाड होते, मंग साहेब वाचत नाई."

साहेबांनी बारीक फाइल तरी वाचली होती का, हा प्रश्न अर्जदाराने तेव्हा विचारला नाही. आता विचारत आहे.

४. दि. ९ डिसेंबर रोजी समितीने रूपालीला वर्धा येथे 'प्रात्यक्षिक पडताळणी'साठी बोलावले. जागा एका मंगल कार्यालयाच्या मागचे आवार होती. अध्यक्ष आणि दोन सदस्य टेबलामागे बसले होते. टेबलावर तर्री-पोहे, आलूबोंडे आणि चहा. रूपालीसोबत तिचे वडील बबनराव आणि अर्जदार होते. पडताळणीआधी हार घालून फोटो काढण्यात आला. अध्यक्ष महोदय म्हणाले, "बेटा, इकडे पाह्य. कॅमेऱ्याकडे." रूपालीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. त्यावर सदस्य क्र. २ शेजारच्यांना म्हणाले, "पाह्यलं. बरोब्बर पाह्यलं." ही नोंद अहवालात मुद्दा क्र. १ म्हणून आहे. फोटो त्याच दुपारी 'जिल्ह्याची शान' असे लिहून मोबाइलच्या गटांवर फिरत होता. ज्या मुलीवर फसवणुकीचा संशय घेऊन तिला बोलावले होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिघेही त्या फोटोत हसत उभे आहेत.

५. नंतर प्रश्न सुरू झाले. त्यांतला एकही रूपालीला विचारला गेला नाही. ती दोन हातांच्या अंतरावर उभी असताना अध्यक्षांनी बबनरावांना विचारले, "तुमच्या पोरीले खरंच दिसत नाई का हो?"

"नाई दिसत जी. जलमापासून."

"मंग बॉल कसा मारते?"

बबनराव शेतकरी आहेत. साहेबांपुढे ते हात बांधून उभे राहतात, पण बोलायला भीत नाहीत. ते म्हणाले, "मी तं कधी खेळलो नाई साहेब. थे उभी आहे ना तुमच्यापुढं, तिलेच विचारा."

विचारले नाही. सदस्य क्र. २ उठले, तिच्या अगदी जवळ गेले आणि तिच्या चेहऱ्यासमोर पंजा जोरजोरात हलवू लागले. रूपाली म्हणाली, "काऊन हालवून राह्यले हात? वारा लागते मले." अहवालाचा मुद्दा क्र. २ असा: 'डोळ्यांसमोर हात हलविला असता तत्काळ प्रतिसाद. दृष्टी असल्याचे प्राथमिक लक्षण.' वारा हा शब्द अहवालात कुठेही नाही.

यापुढचे लिहिणे अर्जदाराला जड जाते, पण वगळले तर अर्ज अपुरा राहील. हारासोबत पेढेही आणले होते. सदस्य क्र. ३ यांनी पेढ्याची बशी रूपालीपुढे धरली आणि "घे बेटा, तोंड गोड कर" म्हणाले. तिने हात पुढे केला तशी त्यांनी बशी आवाज न करता डावीकडे नेली. तिने चाचपत हात डावीकडे नेला, तेव्हा उजवीकडे. तिचा हात बशीमागे जातो का, हे त्यांना पाहायचे होते. टेबलामागे हसणे झाले. ते हसणे रूपालीने ऐकले. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "ठेवा तुमच्याचपाशी. साखर हाय म्हणते मास्तर तुम्हाले, पण खा."

सदस्य क्र. ३ हे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांना मधुमेह आहे, हे त्यांनीच हार घालताना दुसऱ्या कुणाला तरी सांगितले होते. रूपालीने ते ऐकले होते. हे अहवालात आले असते तर मुद्दा क्र. ३ बहुधा 'मधुमेह दिसतो, म्हणजे दृष्टी आहे' असा झाला असता.

किळस हा शब्द कार्यालयीन अर्जात बसत नाही, हे अर्जदार जाणते. तिने दोन दिवस दुसरा शब्द शोधला. मिळाला नाही.

६. त्यानंतर प्रत्यक्ष खेळ. अर्जदाराने पिशवीतून छर्ऱ्याचा चेंडू काढला. अध्यक्षांनी तो हातात घेऊन फिरवला आणि बाजूला ठेवला. "हा खेळणा झाला. क्रिकेटच्या बॉलनं होऊ द्या." लिपिकांनी टेनिसचा चेंडू आणला. सदस्य क्र. २ यांनी सहा चेंडू टाकले, तेही न विचारता, खांद्यावरून. रूपालीने 'रेडी' ऐकू येण्याची वाट पाहिली. तोवर चेंडू मागच्या भिंतीला लागून परत आला होता. सहापैकी शून्य. मुद्दा क्र. ३: 'चेंडूस एकदाही स्पर्श करता आला नाही. क्रिकेटचे प्राथमिक कौशल्यही आढळून आले नाही.'

महोदय, समितीने इथे अर्जदाराचाच दुसरा प्रयोग नकळत पुन्हा केला होता. आवाज नसलेला चेंडू, उत्तर शून्य. पुरवणी कागद फाइलमध्ये असता तर पोहे गरम असतानाच सगळे घरी जाऊ शकले असते.

अर्जदाराने छर्ऱ्याच्या चेंडूने एक षटक टाकू देण्याची विनंती केली. नेमके तेव्हा पुढच्या बाजूला लग्नाचा बँड सुरू झाला. बँड थांबेपर्यंत दहा मिनिटे द्यावीत असे तिने म्हणताच सदस्य क्र. २ म्हणाले, "बॉल डोयानं पाह्याचा असते. बँडचा काय तरास?" या वाक्यात त्यांचे सगळे ज्ञान आले आहे, म्हणून अर्जदाराने ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतले. वहीच्या त्या पानाची प्रत सोबत आहे.

बँड वाजतच राहिला. पहिले दोन चेंडू रूपालीला ऐकू आले नाहीत. मग ती गुडघ्यावर बसली, छर्ऱ्यांची थरथर कळावी म्हणून एक हात जमिनीला टेकवला आणि अर्जदाराला म्हणाली, "टाक आता. जोरात टाकजो, घासत." पुढचे चारही चेंडू बॅटला लागले. शेवटचा टेबलाखालून जाऊन अध्यक्षांच्या नडगीवर बसला आणि चहा सांडला. बबनराव तोंडावर उपरणे धरून भिंतीकडे वळले. मुद्दा क्र. ४: 'आवाजाच्या अडथळ्यातही चेंडू अचूक टोलविला. सबब दृष्टी असल्याचे निःसंशय सिद्ध.'

७. मुद्दा ३ आणि मुद्दा ४ एकाच पानावर आहेत, एकाच शाईत आहेत आणि त्यांखाली त्याच तीन सह्या आहेत. चेंडू लागला नाही म्हणून ती खेळाडू नाही. चेंडू लागला म्हणून ती दृष्टिहीन नाही. शिफारसही दुहेरी आहे: पुरस्कार रद्द करावा आणि ब-एक गटही रद्द करावा. रूपालीने त्या आवारात काय केले असते तर ती दोन्ही ठरली असती, हे अर्जदाराने कागदावर मांडून पाहिले. बारा चेंडूंचे जितके निकाल संभवतात तितक्यांतला एकही समितीला चालला नसता. ज्या चाचणीत सगळ्या उत्तरांचा निष्कर्ष एकच निघतो तिला चाचणी म्हणत नाहीत, हे अर्जदार बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकली. समितीतील तिघांपैकी एकाने तर तीस वर्षे शाळेत मुलांना तपासले आहे.

त्याच दिवशी आवारात सामन्यातल्या काळ्या चष्म्याची आठवण अर्जदाराने करून दिली, तेव्हा तो विरळ असेल, असे अध्यक्षांचे म्हणणे पडले. चष्मा पिशवीत होताच. लिपिक श्री. रोशन यांना तो घालायला सांगितले. ते दोन पावले चालून खुर्चीला अडखळले आणि म्हणाले, "साहेब, कायबी दिसत नाई." अध्यक्षांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग हे घालून थे खेळते कशी? काहीतरी गडबड हाय." हा प्रसंग अहवालात नाही. चष्म्याचाही उल्लेख नाही.

८. दि. १४ रोजी श्री. रोशन पवनारला अर्जदाराच्या घरी आले. माणूस वाईट नाही. चहा घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक कागद लिहून द्या. चार अंश चुकीनं लिहिल्या गेले, मोजण्यात गडबड झाली, एवढंच. साहेबांना त्या आकड्यावरच राग हाय. मंग ते दृष्टीचा मुद्दा काढून टाकतील. पुरस्कार दुसऱ्या नंबरच्या पोरीले जाईल, पण तुमच्या मैत्रिणीचा गट वाचते."

अर्जदाराने तो कागद लिहिला. हे कबूल करताना तिला लाज वाटते, पण समितीने केलेल्या नोंदी अपुऱ्या आहेत अशी तक्रार करणाऱ्या अर्जात स्वतःची नोंद अपुरी ठेवणे बरे नव्हे. 'मोजमापात अर्जदाराकडून त्रुटी राहिली' हे वाक्य लिहायला तिला चाळीस मिनिटे लागली. शेवटी तिने स्वतःला समजावले की आकडा आपला आहे, तो खोटा ठरवला तर नुकसान आपल्या वहीचे होईल, रूपालीचे नाही. सही करण्याआधी तो कागद ती रूपालीकडे घेऊन गेली आणि वाचून दाखवला.

रूपालीशी झालेले बोलणे अर्जदार शब्दशः देत आहे. समितीने तिला विचारले नाही म्हणून तिचे म्हणणे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही.

"चार होते का नाई?" तिने विचारले.

"होते."

"किती डाव मोजलं?"

"साठ चेंडू. दोनदा मोजले."

"मंग हे काय लिहून आणलं तू?"

"तुझा गट वाचते याच्यात. जानेवारीत संघाची निवड आहे."

"अन् निवडीत कोणी म्हटलं, चार अंश खोटे, तं मी काय सांगू? का माह्या सोबतीनंच लिहून देल्लं?" मग तिने हात पुढे करून कागद चाचपला. "पाच वर्षं झाले माधवी, माह्यावर कोणाचा भरोसा नाई बसत. मले दिसत नाई म्हटलं तं म्हणते नाटक करते, खेळतो म्हटलं तं म्हणते दिसते. एका तुह्या वहीत तेवढं मी जशी आहो तशी लिहिलं हाय. थे बी खोडतं का? बी.एस्सी. कशाले केली मंग, नंबर बदलाले?"

अर्जदाराने कागद फाडला. फाडल्याचा आवाज ऐकून रूपाली म्हणाली, "दोनच तुकडे केले. अजून फाड."

९. सबब अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन करते. रूपालीच्या बॅटीच्या दिशेतील सरासरी फरक चार अंश आहे. मोजमाप बरोबर आहे. अर्जदार ते मागे घेत नाही, सौम्य करत नाही आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत नाही. हा आकडा दृष्टीचा पुरावा नाही. पाच वर्षे रोज सकाळी ऐकल्याचा आहे. समितीला तो मान्य नसेल तर तिने तो स्वतः मोजावा. रेषा कशा आखायच्या ते अर्जदार दाखवील. मोजण्याआधी तिन्ही सदस्यांनी प्रत्येकी सहा चेंडू काळा चष्मा घालून खेळून पाहावेत, अशी सूचना आहे, सक्ती नाही.

मागण्या तीन आहेत. समितीचा अहवाल मुद्दा १ ते ४ सह रद्द व्हावा. रूपालीचा ब-एक गट जानेवारीतल्या निवडीआधी लेखी कायम करावा. आणि यापुढे परिषदेला तिच्या डोळ्यांविषयी किंवा खेळाविषयी काही विचारायचे असेल तर ते तिला विचारावे, वडिलांना नव्हे आणि अर्जदारालाही नव्हे. पुरस्काराची मागणी या अर्जात नाही. तो परिषदेने आपल्या निकषांवर निवडून जाहीर केलेला आहे. जे एकदा दिले ते मागण्याची रूपालीची तयारी नाही.

सोबत पुढील कागद जोडले आहेत: समितीच्या अहवालाची प्रत, रकाना १४ ची प्रत, फाइलमधून गहाळ झालेल्या पुरवणी कागदाची दुसरी प्रत, ऐंशी चेंडूंच्या नोंदींची आणि दि. ९ च्या पानाची प्रत, चित्रणाची तबकडी.

१०. समितीने दि. २४ डिसेंबर रोजी सकाळी सात वाजता त्याच मंगल कार्यालयात दुसरी पडताळणी ठेवल्याचे पत्र बबनरावांच्या नावाने आले आहे. पत्रात गैरहजेरी ही कबुली समजली जाईल असे म्हटले आहे. रूपाली येणार नाही. त्या वेळी तिचा सराव असतो आणि निवडीला महिना उरलेला असताना ती तो मोडणार नाही. आपणांस किंवा समितीला यायचे असल्यास पवनारला धाम नदीच्या अलीकडे, बसथांब्यापासून पाच मिनिटांवर मैदान आहे. फाटक उघडेच असते. कुठेही उभे राहून पाहावे, हवे तितके जवळून पाहावे. फक्त बोलू नये. चेंडू ऐकू येत नाही.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहत,

माधवी लहानू ताकसांडे
(सही)

वाचून घेतले. माझे बोलणे बरोबर लिहिले आहे.
रूपाली बबनराव झाडे
(सही)

पवनार, दि. १६ डिसेंबर २०२४